पंचेचाळीस किलोंचा नवस

शून्य

मित्रांनो, वरूडजवळच्या एका घरामागे एक अरुंद बोळ आहे. बोळाच्या टोकाला संडास आहे आणि संडासाच्या दाराला लागून एक जुना वजनकाटा उभा आहे. तो मी.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. खाली चार चाकं, त्यावर चौकोनी पाट, पाटाच्या एका कडेला खांब, खांबावर आडवी पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं एक लहान वजन. पाटावर काही ठेवलं की दांडी उचलली जाते. मग ते लहान वजन सरकवत सरकवत दांडी मधोमध आणायची आणि आकडा वाचायचा. एवढंच मला येतं.

माझ्या पाटाच्या कडेत शिशाचा एक ठिपका बसवलेला आहे. शिसं मऊ असतं. वजनमापं तपासणारे निरीक्षक यायचे, मला तपासायचे आणि त्या शिशावर हातोडीनं शिक्का ठोकायचे. खळगा पडायचा. तो बुजायचा नाही. खळगा आहे, म्हणजे हा काटा खोटं बोलत नाही. या खळग्याबद्दल मला पुढे पुन्हा बोलावं लागणार आहे.

शेषराव माझे मालक. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या बागेतली संत्री तोडायला यायची आणि माझा पाट सकाळपासून क्रेटांखाली कण्हायचा. मोजण्याआधी शेषराव प्रत्येक क्रेटातलं एक फळ उचलून देठाजवळ अंगठा दाबत. चांगल्या फळाची साल दबते आणि परत वर येते. पाण्यानं फुगलेल्या फळाची साल आत जाते आणि तिथंच राहते.

"फळ नोहे हे, पानी हाये," असं म्हणून ते फळ बाजूला टाकत.

शेजारचे बागवाले रामराव त्यांना चिडवत. "शेषराव, काट्यापेक्षा तुह्या अंगठ्याचाच भेव लागते बाप्पा!"

पण माझीही स्तुती व्हायची. शेषरावांच्या काट्यावर कुणी वाद घालत नसे.

मग बॅटरीवर चालणारा काटा आला. लाल आकडे, पातळ पाय. मला ढकलत मागच्या बोळात आणलं. त्याच उन्हाळ्यात बोळात फरशी झाली आणि गवंड्याच्या घमेल्यातलं सिमेंट माझ्या एका चाकावर सांडलं. कुणी पुसलं नाही. ते वाळलं.

तेव्हापासून मी इथंच.

५१ किलो ४००

गीतांजली ही शेषराव आणि सत्यभामाबाईंची एकुलती एक लेक. अकोल्याला शेतकी शिकते, वसतिगृहात राहते. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि धावत येऊन दोन्ही पायांनी माझ्यावर उडी मारली. दांडी खण्णकन वर आदळली.

"बाबा, पाहा! मेसच्या जेवनानं मले कसं फुगवलं!"

"उतर वं खाली," सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "तुह्या वजनानं त्या म्हाताऱ्याचा जीव जाईन!"

"जात नाही. काटेराव मजबूत आहेत."

त्या दिवसापासून मी काटेराव झालो. एखाद्या वस्तूला नाव मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला ते जन्मतःच मिळतं.

४४ किलो

पुढच्या श्रावणात शेषराव तिला अकोल्याहून घेऊन आले. ती गाडीतून उतरली ती थेट संडासाकडे. बाहेर आली आणि माझ्या पाटावर बसली. बसली म्हणजे पडलीच. मांड्यांत बळ असलेला माणूस सावकाश बसतो; ही नुसती खाली आली.

अंगणातलं बोलणं बोळात नीट ऐकू येतं.

"डॉक्टरीनबाई काय म्हने?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"दुर्बीन टाकून पाह्यलं त्याईनं. आतड्याले जखमा हायेत. क्रोन म्हनते त्या बिमारीले. हिच्याच अंगातले राखनदार हिच्याच आतड्यावर उठले म्हने."

"तिखट खाल्लं असन तिथी."

"तिखटानं नाई होत. नजरेनं नाई, कोनाच्या हातानं नाई. वर्षाली मॅडमनं साफ सांगतलं. गोया देल्या, काय काय खायाचं त्याचा कागद देला, तीन हप्त्यानं परत या म्हने."

"मंग पुरी बरी होईन ना?"

शेषरावांनी गाडीतून तिची बॅग काढून ओसरीवर ठेवली. मग म्हणाले, "दबून राह्यते म्हने. जात नाई."

त्या संध्याकाळी सत्यभामाबाईंनी लेकीला माझ्यावर उभं केलं. नव्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. तो व्यापाऱ्यांसाठी ठीक होता. चव्वेचाळीस किलो. त्यांनी तिथंच पदर डोक्यावर घेतला, कौंडण्यपूरच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाल्या, "पंचेचाळीस झाली की हिच्या वजनाइतका गूळ तुह्या दारात वाटीन."

"आन् मी सोता हिले अकोल्याले नेऊन सोडीन," शेषराव म्हणाले. "पंचेचाळीस झाली की."

एक किलोचा तर प्रश्न होता. गीतांजली हसली. माझ्या दांडीवर पंचेचाळीसची रेघ आहे, तिच्यावर तिनं बोट ठेवलं.

मित्रांनो, पिंजरा काही नेहमी गजांचाच नसतो.

४१ किलो ७००

सकाळी सहा. परत.
पावणेसात. परत.
सव्वासात.
सव्वासात, पुन्हा.

तिच्या खाटेपासून संडासापर्यंत सतरा पावलं होती. ती त्या सतरा पावलांत राहू लागली. आधी बागेत जाणं बंद झालं, मग वरूडच्या बाजारात जाणं, मग ओसरीवर बसणं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांची तारीख आली, तेव्हा ती माझ्या पाटावर बसून शेषरावांना म्हणाली, "बाबा, वरूड ते अमरावती दोन तास, पुढे अकोला आनखी दोन. मधात गाडी कुठी कुठी थांबवान? पुढच्या हप्त्यात जाऊ."

पुढचा हप्ता आला. तो पुढे गेला.

आणि इकडे एक दुसरीच गोष्ट चालू होती. डॉक्टरांच्या कागदावर अंडी, पनीर, मऊ वरण, थोडं थोडं सहा वेळा, असं काहीबाही लिहिलेलं होतं. सत्यभामाबाईंनी तो कागद देवघरात जपून ठेवला. पण त्या आई होत्या आणि डोळ्यांना दिसत होतं ते त्यांना कागदापेक्षा खरं वाटत होतं.

"खाल्लं की धावते. नाई खाल्लं की निजते," त्या शेषरावांना म्हणाल्या. "मंग कशाले द्यायचं? पोटाले आराम पाह्यजे."

मग तुरीचं वरण बंद झालं. दूध बंद झालं. भाकर बंद झाली. मुगाचं पाणी, भाताची पेज, ताक. प्रेमानं, फुंकर घालून, वाटी वाटी.

फेऱ्या खरंच थोड्या कमी झाल्या. आईला वाटलं, गुण येतो आहे.

शनिवारी वजन होई. शनिवारी माझं लहान वजन डावीकडे सरके. दर शनिवारी थोडं आणखी डावीकडे.

३९ किलो ६००

एक गोष्ट फक्त मला माहीत होती.

कुणी माझ्यावर अगदी स्थिर बसलं की दांडीचं टोक केसभर थरथरतं. ते त्या माणसाचं हृदय असतं. गीतांजलीचं टोक फार वेगानं थरथरायचं. ती बसून असायची, डोळे मिटून, काही न करता. पण दांडी सांगायची की ही पोरगी धावते आहे. कुठं धावते आहे? जागच्या जागी. अंगात कणकण, कपाळावर घाम, पेजेची वाटी पोटात, आणि आत कुणीतरी दिवसभर इंजिन चालू ठेवलेलं.

सरपण कुठून येत होतं?

तिच्या मनगटातून. दंडातून. मांड्यांतून. तिला संडासाची कडी दोन्ही हातांनी सरकवावी लागू लागली. पाटावरून उठताना ती माझा खांब धरायची आणि खांब हलायचा.

एकदा दारापाशी बादली ठेवायला जागा हवी होती म्हणून तिनं मला ढकलून पाहिलं. दोन्ही हात लावले, कपाळ लावलं. मी हललो नाही. तिनं वाकून पाहिलं, तेव्हा तिला ते सिमेंट दिसलं.

"अरे काटेराव," ती खाली बसत म्हणाली. "तुमालेही डांबून ठेवलं का?"

मला हो म्हणायचं होतं. माझी दांडी एकोणचाळीस सहाशेवर थांबली. मला तेवढंच बोलता येतं.

४२ किलो ९००

आणि मग वजन वाढलं.

बारा दिवसांत तीन किलोंच्या वर. सत्यभामाबाईंनी आकडा दोनदा वाचून घेतला आणि तोंडावर हात ठेवला. शेषरावांनी चष्मा काढून पुसला. बातमी कुंपणापलीकडे गेली आणि रामराव बघायला आले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गीतांजलीचा चेहरा गोल झाला होता, गाल भरले होते.

"काय शेषराव," ते म्हणाले, "पोरीले कोनतं खत टाकलं? आमच्या झाडाईलेही सांग ना!"

"आईच्या हातचं मुगाचं पानी," शेषराव म्हणाले.

सगळे हसले. डॉक्टरांच्या तारखेचं नाव कुणी काढलं नाही. बरं होत असलेल्या लेकराला चार तासांचा रस्ता कशाला?

मी हसलो नाही. मित्रांनो, मी इतकी वर्षं फळं मोजली आहेत. मुगाच्या पाण्यावर बारा दिवसांत तीन किलो काहीही वाढत नाही. पण माझा आकडा खरा होता. बेचाळीस नऊशे होती ती, ग्रॅमभरही कमी नाही. आकडा कशाचा, हे मात्र मला सांगता येत नाही. हाडाचा असो, मांसाचा असो, नुसत्या पाण्याचा असो, माझ्या दांडीला सगळं सारखंच. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या खरेपणाची भीती वाटली.

तिला ठाऊक होतं का?

त्याच आठवड्यात ती मोजे घालू लागली. ऑक्टोबरच्या उन्हात. आईनं विचारलं तर म्हणाली, फरशी गार लागते. दुपारी बोळात कुणी नसताना ती माझ्यावर बसायची, मोजा खाली सरकवायची आणि पाहायची. घोटा दिसतच नसे. मोज्याच्या रबरानं पायात खोल चर पाडलेला असे. ती त्या चरावरून बोट फिरवायची, मग मोजा पुन्हा वर ओढायची.

"दोन किलो राह्यले फक्त," ती मला म्हणायची. "तुमी कोनाले सांगू नका, काटेराव. मले जाऊ द्या इथून. तिथी गेल्यावर पाहू."

मी कुणाला सांगणार होतो?

४५ किलो २००

कार्तिकातला शनिवार. दांडी पंचेचाळीसच्या रेघेपलीकडे गेली.

कौंडण्यपूरची यात्रा भरली होती. आकडा गाठणारच या भरवशावर सत्यभामाबाईंनी आदल्याच दिवशी गुळाच्या भेली आणून ठेवल्या होत्या. ठरलं होतं असं की त्या सकाळी माझ्यावर आधी लेकीला तोलायचं, मग तेवढाच गूळ तोलायचा, गाडीत घालायचा आणि नदीकाठच्या देवळात नेऊन वाटायचा. सोमवारी अकोला. गीतांजलीची बॅग भरून ओसरीवर ठेवलेली होती. माझ्या पाटाला हळदकुंकू लावलं. किती वर्षांनी मला कुणी पुसलं होतं!

गीतांजली आली. नवा ड्रेस, पायांत मोजे.

"मोजे काढ वं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "देवाच्या कामाले पायात काई घालते का?"

"आई, गार लागते."

"दोन मिनिटाचं काम हाये. आन् बाबा पाय धुनार हायेत तुहे."

आमच्या भागात बाप लेकीच्या पाया पडतो. शुभकार्य असलं की आधी तिचे पाय धुतो, कुंकू लावतो, मग डोकं टेकवतो. हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. सतरा पावलांच्या त्या तुरुंगात बसून तिनं पंचेचाळीस किलोंचा विचार केला होता, मोज्यांचा केला होता, बॅगेचा केला होता. एवढं एक तिच्या ध्यानातून गेलं होतं.

ती माझ्यावर उभी होती. पळायला जागा नव्हती. एकीकडे आई, एकीकडे संडासाचं दार, समोर पितळी परात घेऊन बाप उकिडवा बसलेला.

शेषरावांनी स्वतःच मोजे काढले. एकेक करून पाय परातीत घेतले, पाणी ओतलं, पंच्यानं पुसले. मग अंगठा कुंकवात बुडवला आणि तिच्या उजव्या पायाच्या पाठीवर टेकवला. लेकीच्या पायावर बाप जरा जोरानंच अंगठा टेकवतो.

अंगठा उचलला.

खळगा तिथंच राहिला.

माझ्या शिशावर पडावा तसा. आणि त्या खळग्यात ओलं कुंकू हळूहळू जमा झालं, एक लहानसं लाल तळं.

शेषराव पाहत राहिले. मग त्यांनी कुंकू न लावता दुसऱ्या पायावर अंगठा दाबला. नडगीवर दाबला. गुडघ्याखाली दाबला. चार खळगे. चाळीस वर्षं त्या अंगठ्यानं जे ओळखलं होतं ते त्याला ओळखायला वेळ लागला नाही. शेषरावांना मान वर करायला मात्र वेळ लागला.

"पानी हाये हे," ते म्हणाले.

"काय झालं?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "टेकवा ना डोकं. यात्रेत गाडी लावाले जागा नाई भेटत मंग."

"हे वजन नोहे, सत्यभामा. हे पानी हाये. पोरगी आत संपून राह्यली."

"अभद्र बोलू नका! देवाच्या कामात..."

"देवाचं काम अकोल्याले हाये," शेषराव उठले. "गाडी काढतो. गूळ राहू द्या."

"आन् नवस?"

"खोट्या वजनाचा गूळ वाटू का त्याच्या दारात?"

गीतांजलीला रडू फुटलं. माझी दांडी एवढी हलू लागली की आकडा वाचता येईना. "बाबा, मले माहीत होतं," ती म्हणाली. "पंधरा दिवसांपासून माहीत होतं. मले फक्त इथून जायचं होतं."

शेषरावांनी तिला माझ्यावरून उचलून घेतलं. पंचेचाळीस किलो दोनशे. त्यातली किती त्यांची लेक होती ते मला ठाऊक नाही.

काटा रिकामा

कडी सरकली नाही.
पावलं वाजली नाहीत.
स्वयंपाकघरात गुळाला मुंग्या लागल्या. सत्यभामाबाई दवाखान्यातच होत्या, म्हणून रामरावांच्या घरच्यांनी येऊन भेली डब्यात भरल्या.

अकरा दिवस माझी दांडी शून्यावर होती. शून्य हा आकडा मला कधी एवढा जड गेला नव्हता.

३८ किलो १००

ती परत आली तेव्हा सात किलोंनी हलकी होती आणि घरात पहिल्यांदा वजन कमी झाल्याचा आनंद झाला. पायाचे घोटे दिसत होते. हडकुळे, पण घोटे.

"हे खरं," शेषराव माझ्या दांडीकडे पाहून म्हणाले. "आता इथून चढायचं."

अंगणात बसून त्यांनी सत्यभामाबाईंना डॉक्टरांचं सगळं म्हणणं पुन्हा सांगितलं. त्या दवाखान्यातच होत्या, पण तिथं रडण्यात त्यांनी अर्धंच ऐकलं होतं.

"आतड्याले आग लागली की साऱ्या अंगाची भट्टी सुरू राह्यते. पोरगी निजली असली तरी अंग जळून राह्यते. त्या भट्टीले सरपन पाह्यजे. आन् आपन काय केलं?"

"मी काय केलं म्हना," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आपन सरपन बंद केलं. मंग अंगानं दंड-मांड्या जाळल्या. बसल्या बसल्या सोताले खाल्लं पोरीनं."

"आन् पायाचं पानी?"

"रक्तात एक प्रथिन राह्यते म्हने, ते पानी नळीत धरून ठेवते. हिचं ते आतड्यातून गळून राह्यलं, पोटात खायाले नाई, आन् लिव्हर तर आगीच्याच मागं लागलेलं. ते कुठून बनवन? मंग कालव्याचं अस्तर फुटल्यासारखं पानी साऱ्या अंगात झिरपलं. त्यात त्या गोया. हळूहळू कमी करायच्या होत्या, आपन तारीख चुकवली. त्याही पानी धरते, मांस खाते, हाडं खाते."

"रक्तातलं लोखंड कमी निघालं ना तिचं? मी तर गूळ-शेंगदाने देत होती आधी."

"लोखंड हाये म्हने अंगात! पन अंगाले वाटते घरात चोर शिरले, म्हनून त्यानं कोठाराले कुलूप लावलं. माल आत, आन् रक्त बाहेर उपाशी. म्हनून सुई लावली त्याईनं, आन् आगीवरचं नवीन औषध सुरू केलं."

मी बोळात उभा होतो. ऐंशी किलो लोखंड, कुलूपबंद. ही गोष्ट मला इतरांपेक्षा लवकर कळली.

सत्यभामाबाई देवघरातून डॉक्टरांचा तो कागद घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "मीच उपाशी मारलं लेकरू. फुंकर घालून घालून."

ओसरीवरून गीतांजली म्हणाली, "आन् मी मोजे घालून फसवलं तुले. झालं ना बराबर? आता वरन आन, मऊ. कागदावर लिहिलं हाये."

देवघरातला कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला गेला.

राहिला नवस. आकडा तर खाली आला होता आणि सत्यभामाबाईंना झोप येत नव्हती. शेषराव म्हणाले, "देवाले वजन पाह्याचं असतं, तर त्यानं देवळात घंटीच्या जागी काटा टांगला असता."

"मंग काय पाह्यन तो?"

"मॅडमनं काय पाह्यलं? हिच्या हाताची मूठ दाबून पाह्यली. जोर किती हाये ते. म्हने वजनाच्या मागं लागू नका, बळाच्या मागं लागा." ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता मला भंगारात देतात. "गीता, ज्या दिवशी ह्या काट्याले तू एकली ढकलत अंगनात आनशीन, त्या दिवशी गूळ वाटू."

"बाबा, त्याचं चाक सिमेंटात हाये."

"मंग आधी ते सोडव."

एक वीत

दर शनिवारी ती येते. आता ती माझ्यावर उभी राहत नाही. माझ्यासमोर उभी राहते. दोन्ही तळवे माझ्या खांबाला लावते, पाय फरशीत रोवते आणि ढकलते.

पहिल्या शनिवारी काही झालं नाही. पाचव्या शनिवारीही नाही. माघात तिचं पोट पुन्हा बिघडलं, दोन शनिवार ती आलीच नाही, आणि कडीचा आवाज ऐकून मी पुन्हा फेऱ्या मोजू लागलो. सकाळी सहा. परत. पावणेसात. पण या वेळी शेषरावांनी तिसऱ्या दिवशी गाडी काढली. वाटेत कुठं कुठं थांबता येतं, ते त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून काढलं आहे. ती चिठ्ठी गाडीत काचेला लावलेली असते. त्यामुळे अकोला आता थोडं जवळ आलं आहे. कॉलेजचं हे सत्र गेलं. पुढचं मिळेल, असं ती म्हणते. कधी कधी म्हणत नाही.

मी तिला ढकलताना पाहतो. हातोडी आणून देतो म्हणाले शेषराव, तर ती म्हणाली, नको, माझ्या जोरानंच निघू द्या. सत्यभामाबाई हातात उकडलेलं अंडं घेऊन दारात उभ्या असतात. घरात याआधी अंडं कधी शिजलं नव्हतं. त्याचं भांडं अजून बाहेर ठेवतात, पण अंडं रोज शिजतं.

"ढकल वं! खाल्लेलं कुठी गेलं?"

"आई, तू आधी तोंड बंद कर, मंग जोर लागते!"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं वाळत चाललं असेल, किंवा वाळता वाळता अचानक भरू लागलं असेल, तर माझ्यासारख्याला आकडा विचारून निघून जाऊ नका. मी खरंच सांगतो, आणि तरीही माझ्यामुळे एक घर फसलं. त्या माणसाचे मोजे काढून पाय बघा. हातात हात घेऊन मूठ दाबायला सांगा. डॉक्टरांची तारीख रस्त्याला भिऊन पुढे ढकलू नका. आणि ज्याला जेवणाची भीती वाटते त्याची वाटी काढून घेऊ नका. काय घालायचं ते विचारा, आणि घाला. हे मी शिक्क्याशपथ सांगतो.

परवाच्या शनिवारी तिनं कपाळ माझ्या खांबाला टेकवलं. तिचं हृदय मला कळलं. वेगानं चाललं होतं, पण या वेळी त्याला धावायला कारण होतं. चाकाखाली कट्कन आवाज आला. सिमेंटाचा एक तुकडा उडून संडासाच्या दारावर आपटला. आणि मी, मित्रांनो, सरकलो.

ती खाली बसली. सावकाश बसली. माझी जुनी जागा फरशीवर काळी दिसत होती. त्या जागेपासून माझ्या चाकापर्यंत तिनं अंगठा आणि करंगळी ताणून मोजलं.

एक वीत.

अंगण इथून सतरा पावलं आहे.

"काटेराव," ती धापा टाकत म्हणाली, "पुढच्या शनिवारी पुन्हा."